घरातलं आणि बागेतलं पाणी वाचवायचंय? आधी मोजा, मग पाना हातात घ्या

पाणी वाचवायचं म्हटलं की आपलं लक्ष पहिल्यांदा पिण्याच्या ग्लासाकडे जातं. कुणी अर्धा ग्लास पाणी सिंकमध्ये ओतून टाकलं की जीव चुटपुटतो. पण जुन्या पद्धतीच्या टाकीचा फ्लश एकदा ओढला की दहा लिटर पाणी जातं, म्हणजे असे शंभर अर्धे ग्लास, आणि त्याची कुणाला खंत वाटत नाही. त्यामुळे इथे सवयींच्या उपदेशापासून सुरुवात करत नाही. पाणी नेमकं कुठे जातंय ते मोजायचं, आणि जिथे सगळ्यात जास्त जातंय तिथे आधी हात घालायचा. त्यासाठी एक बादली, एक मोजपात्र, मोबाइलमधलं घड्याळ, एक पाना, टेफ्लॉन टेप आणि खाण्याच्या रंगाची छोटी बाटली जमवून ठेवा.

पहिलं काम: मोजमाप

घरात पाण्याचं मीटर असेल तर रात्री झोपण्यापूर्वी सगळे नळ बंद करा, वरची टाकी भरलेली आहे याची खात्री करा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. सकाळी कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा फोटो काढा. आकडा हलला असेल, आणि रात्री कुणी पाणी वापरलं नसेल, तर गळती आहे. ती कुठे आहे हे शोधायला घराचा मेन कॉक बंद करून पुन्हा मीटरकडे पाहा. कॉक बंद असूनही काटा फिरत असेल तर गळती मीटर आणि कॉक यांच्या मधल्या जमिनीखालच्या पाइपात आहे. ते प्लंबरचं काम. काटा थांबला तर गळती घराच्या आत आहे आणि बहुतेकदा ती तुम्ही स्वतः काढू शकता.

मीटर नसेल तर टाकीवरून अंदाज घ्या. टाकीत पाणी येणारा कॉक रात्री बंद करायचा आणि काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. तळाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर असेल तर पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे १० लिटर गेले.

नळ ठिबकत असेल तर त्याखाली दहा मिनिटं मोजपात्र ठेवा आणि जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा. तो दिवसभराचा आकडा. दहा मिनिटांत ५० मिलिलिटर म्हणजे दिवसाला ७.२ लिटर, महिन्याला दोनशेच्या वर. शॉवर मोजायला बादली खाली धरून पंधरा सेकंद पूर्ण सोडा आणि चारने गुणा. जुने शॉवर मिनिटाला १२ ते १५ लिटर सहज टाकतात, म्हणजे आठ मिनिटांच्या अंघोळीत शंभर लिटरच्या आसपास. बादलीने अंघोळ केली तर वीस लिटरमध्ये काम होतं. शॉवर आवडत असेल तर जरूर वापरा, फक्त हा आकडा माहीत असू द्या.

आठवड्याच्या मीटरच्या फरकाला घरातल्या माणसांनी आणि सातने भागलं की दरडोई रोजचा वापर मिळतो. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: केप टाउनमध्ये धरणं आटली तेव्हा १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली होती. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं, संडास, सगळं त्यात. तुमचा आकडा त्याच्या तिप्पट-चौपट निघाला तर दचकू नका, पण वाचवायला जागा भरपूर आहे हे नक्की.

दुसरं काम: गळती

सुरुवात संडासाच्या टाकीपासून करा, कारण तिची गळती दिसत नाही आणि बहुतेकदा ऐकूही येत नाही. टाकीचं झाकण काढून पाण्यात खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाका आणि वीस मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. नंतर भांड्यात पाहा. पाण्याला रंग आला असेल तर टाकी झिरपते आहे.

कारणं बहुतेक दोनच असतात. एक, तळाचं रबर. ते कडक झालेलं असतं किंवा त्याच्या बैठकीवर क्षाराचा थर चढलेला असतो. टाकीचा अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या पाइपावरचा छोटा कॉक) बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, रबर काढून बोटाने चाचपून पाहा. बोटाला काळं लागलं किंवा कडेला चीर दिसली तर बदला. नुसता थर असेल तर रबर आणि बैठक दोन्ही व्हिनेगरने घासून परत बसवा. दुसरं कारण फ्लोटचं, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याचं. तो वर चढलेला असला की टाकी भरल्यावरही पाणी येत राहतं आणि मधल्या उभ्या नळीतून भांड्यात उतरत राहतं. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर खाली राहील इतका फ्लोटचा स्क्रू फिरवा. काम पाच मिनिटांचं, आणि माझ्या मते या लेखातलं सगळ्यात फायद्याचं.

टाकी जुनी, मोठी असेल तर एक लिटरची बाटली पाण्याने आणि थोड्या वाळूने भरून, झाकण घट्ट लावून आत उभी करा. दर फ्लशला एक लिटर वाचतो. बाटली फ्लोटच्या आड येता कामा नये. काही जण वीट ठेवायला सांगतात, ती ठेवू नका. वीट पाण्यात झिजते आणि तिची रेती रबराखाली अडकून नवी गळती सुरू होते. बाटली ठेवल्यावर दोनदा फ्लश करावा लागत असेल तर ती काढून टाका. त्यात तोटाच आहे. टाकी बदलायची वेळ आली की दोन बटणांची घ्या. त्यात मोठ्या बटणाला साधारण सहा लिटर आणि लहानाला तीन लिटर जातात, आणि दिवसातल्या बहुतेक वेळा लहान बटण पुरतं. घरातल्या मुलांना कोणतं बटण कधी दाबायचं ते एकदा दाखवून ठेवा.

आता ठिबकणारा नळ. तो गोल फिरवून बंद होणाऱ्या जुन्या धाटणीचा असेल तर आतला वॉशर, म्हणजे पाणी अडवणारी छोटी चकती, गेलेला असतो. मेन कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या आणि बेसिनच्या भोकात फडकं कोंबा. सुटलेला स्क्रू हमखास तिथेच जातो. नळाचं डोकं पान्याने उलटं फिरवलं की स्पिंडल हातात येतो आणि त्याच्या टोकाला वॉशर दिसतो. झिजलेल्या वॉशरवर मध्यभागी गोल वळ उठलेला असतो. जुना वॉशर दुकानात सोबत न्या, नुसतं माप सांगण्यापेक्षा ते बरं. नवा बसवल्यावर नळ हलक्या हाताने बंद करा. ताकद लावून आवळल्यानेच वॉशर लवकर कापला जातो. वॉशर बदलूनही ठिबक थांबली नाही तर आतली धातूची बैठक खडबडीत झाली आहे. तेव्हा प्लंबरला बोलवा किंवा नळच बदला.

पाव वळशात बंद होणाऱ्या नव्या नळांत वॉशर नसतो, सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, अख्खं बदलायचं. आणि टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर जोड फिरवताना ती सुटून येते.

वरची टाकी भरून वाहण्याचा प्रश्न वेगळाच. पंप लावून विसरणं हे माणसाच्या स्वभावातच आहे, तेव्हा आठवण ठेवण्यावर विसंबू नका. पातळी पाहून पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवून घ्या.

तिसरं काम: धार बारीक करणं

बेसिन आणि सिंकच्या नळाच्या तोंडाशी जाळीचा एरेटर बसवता येतो. तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार भरीव वाटते पण पाणी निम्म्याहून कमी जातं. मिनिटाला १२-१५ लिटर सोडणारा नळ पाच-सहा लिटरवर येतो. जाळीत क्षार साचून धार वेडीवाकडी झाली तर ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. बादली भरायच्या नळाला मात्र एरेटर लावू नका. बादली तेवढीच भरणार, फक्त वेळ जास्त जाणार.

एक पैसाही खर्च न करता करण्याजोगा उपाय बेसिनखाली असतो. तिथला अँगल कॉक थोडा बंद करा आणि वर नळ पूर्ण उघडून पाहा. हात धुवायला पुरेल इतकीच धार येईपर्यंत फिरवत जा आणि तिथे सोडून द्या. दात घासताना नळ बंद ठेवा हे घरात कितीही वेळा सांगितलं तरी कुणी ना कुणी विसरतंच. कॉक विसरत नाही.

गरम पाण्याची वाट पाहताना जे थंड पाणी वाहून जातं तेही मोजण्यासारखं आहे. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला साधारण १७५ मिलिलिटर पाणी मावतं. गीझर दहा मीटर लांब असेल तर गरम पाणी पोचण्याआधी पावणेदोन लिटर थंड पाणी येतं, दर वेळी, दर माणसामागे. ते बादलीत धरा. हे स्वच्छ पाणी आहे, कशालाही चालतं.

वॉशिंग मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही, एवढं पुरे. भांडी घासताना आधी खरकटं कोरडंच पुसून काढा, नळ बंद ठेवून घासा आणि दोन टबांत विसळा.

चौथं काम: तेच पाणी दुसऱ्यांदा

इथे उत्साहाच्या भरात गडबड होऊ शकते, कारण सगळं वापरलेलं पाणी झाडांना चालत नाही.

भाज्या धुतलेलं आणि मासे ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी खुशाल कुंड्यांना घाला. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. फरशी पुसायला आणि शोभेच्या झाडांना ते उत्तम, पिण्याला नाही. आरओ यंत्राचं मात्र उलट. शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे बऱ्याच घरगुती यंत्रांतून दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकलं जातं आणि काढलेले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. ते संडासात, फरशीला, मोरी धुवायला वापरा. कुंडीत रोज घातलंत तर काही महिन्यांत मातीवर पांढरी पापुद्री येईल आणि पानांच्या कडा करपतील. त्याआधीचा प्रश्न असा की आरओ लागतंच का. आपल्या पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण तपासून घ्या. पाणी मुळातच गोडं असेल तर साधा फिल्टर आणि निर्जंतुकीकरण पुरतं, आणि टाकून द्यायचं पाणी निर्माणच होत नाही.

अंघोळीचं आणि कपडे विसळल्याचं शेवटचं पाणी झाडांना देता येतं, पण काही पथ्यं पाळून. ते साठवून ठेवू नका; चोवीस तासांत त्याला वास मारायला लागतो आणि जंतू वाढतात. पानांवर शिंपडू नका, मातीत आच्छादनाखाली, म्हणजे मातीवर पसरलेल्या पालापाचोळ्याखाली सोडा. पालेभाज्या, कंदमुळं आणि कच्चं खायचं काहीही यातून वगळा. पावडरच्या साबणात सोडियम जास्त असतं आणि ते चिकण मातीची रचना मोडतं, पाणी मुरेनासं होतं. म्हणून एक आड एक साधं पाणी द्या आणि एकाच झाडावर सगळा भार टाकू नका. ब्लीच टाकलेलं पाणी किंवा लहान बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी सरळ गटारात जाऊ द्या. भांड्यांच्या तेलकट पाण्याचंही तेच.

पाचवं काम: बाग

बागेत पाणी वाया जातं ते बहुतेक वेळा प्रेमापोटी. झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा कुंडीतली झाडं जास्त पाण्याने कुजून मरतात, आणि दोन्हीत पानं सारखीच माना टाकतात. म्हणून पानांकडे न पाहता मातीकडे पाहा. मातीत बोट दोन पेरांपर्यंत, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटर, खुपसा. बोटाला गार लागलं आणि माती चिकटली तर आज पाणी नाही. कोरडं, भुसभुशीत लागलं तर द्या. रोज ठरल्या वेळी झारी घेऊन फिरण्याची सवय मोडणं हीच निम्मी बचत आहे. भर दुपारी पानं मलूल झाली तर लगेच धावू नका. उन्हात मुळांच्या वेगापेक्षा पानांतून पाणी जास्त वेगाने उडतं, संध्याकाळी तीच पानं ताठ होतात. सकाळीही मान खाली असेल तरच तहान खरी.

द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या. रोज तांब्याभर पाणी शिंपडलं तर वरचा थर तेवढा ओला होतो, मुळं वरच राहतात आणि एका कडक दिवसात झाड हातचं जातं. त्याऐवजी मुळांपर्यंत पोचेल इतकं पाणी द्या आणि माती वापशावर येईपर्यंत, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून ती नुसती ओलसर राहीपर्यंत थांबा. सकाळ किंवा संध्याकाळ बरी, दुपार नको. दुपारी दिलं तर थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात असं सर्रास सांगितलं जातं. गुळगुळीत पानांच्या बाबतीत तसं होत नाही. खरं कारण इतकंच की दुपारचं बरंचसं पाणी मुरण्याआधी उडून जातं.

कुंडी फार दिवस कोरडी राहिली की माती आकसून कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून तळाच्या भोकातून निघून जातं आणि वाटतं की कुंडी भिजली. बोट घालून पाहिलं तर आत खडखडीत. अशी कुंडी टबातल्या पाण्यात अर्धी बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्यांना तर हे हमखास लागतं. आणि तळाशी खडीचा थर घालायची रीत सोडून द्या. खडीवर पाणी लवकर उतरत नाही, उलट वरच्या मातीतच अडकून राहतं. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

मातीच्या कुंड्या सगळ्या अंगाने झिरपून लवकर वाळतात. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या किंवा आतून लेप दिलेल्या कुंडीला पाणी बरंच कमी लागतं. कुंड्या भिंतीला एकेकट्या न लावता घोळक्याने ठेवा आणि तहानेप्रमाणे गट करा: रोज पिणाऱ्या एकीकडे, आठवड्यातून एकदा पुरणाऱ्या दुसरीकडे.

जमिनीतल्या झाडांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय आच्छादन. पालापाचोळा, वाळलेलं गवत, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते पाच ते आठ सेंटीमीटर जाड पसरा. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते. एक लक्षात ठेवा, आच्छादन टाकल्यावर पाणी कमी करायला विसरलात तर फायदा शून्य. बोट घालून पाहताना ते बाजूला सारून खालची माती बघा.

आळं बुंध्याला चिकटून करू नका. मोठ्या झाडाची पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली बाहेरच्या बाजूला असतात. आळं तिथे, गोल चरासारखं.

थोड्या झाडांना ठिबकचा खर्च नको असेल तर मडकं पुरा. बिनचकाकीचं, भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत मातीत गाडायचं, पाण्याने भरायचं आणि झाकण ठेवायचं. माती कोरडी असते तेव्हा ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढणं मंदावतं. ही युक्ती फार जुनी आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात तिची रीत लिहून ठेवलेली आहे. क्षारयुक्त पाण्याने काही हंगामांत मडक्याची छिद्रं बुजतात, तेव्हा ते बदलावं लागतं.

ठिबक लावलंत तर गणित सोपं आहे. ताशी चार लिटरचा ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोटी) अर्ध्या तासात दोन लिटर देतो. फिल्टरशिवाय ठिबक लावू नका, ड्रिपर तुंबतात, आणि दीड-दोन महिन्यांनी नळीचं शेवटचं बूच काढून आतली घाण वाहू द्या. टायमरवर फार विश्वास टाकू नका. पाऊस पडत असतानाही तो इमानेइतबारे पाणी देत राहतो. ऋतू बदलला की वेळ बदला.

हिरवळीबद्दल माझं मत रोखठोक आहे: खेळायला किंवा बसायला वापरत नसाल तर काढून टाका. हिरवळीला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. वीस चौरस मीटरच्या तुकड्याला आठवड्याला पाचशे लिटर. ठेवायचीच असेल तर गवत सात-आठ सेंटीमीटर उंच राखा आणि कापलेलं तिथेच पडू द्या.

सहावं काम: पाऊस

१ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी येतं. उडून जाणारं, सांडणारं वजा केलं तर त्यातलं साधारण ऐंशी टक्के हाती लागतं. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटरची एक चांगली सर आली की ८०० लिटर. पिंप आणायच्या आधी हा हिशेब करा. बहुतेक जण छपराच्या मानाने फार लहान पिंप आणतात आणि ते पहिल्याच सरीत भरतं.

पहिल्या सरीचं पाणी घेऊ नका. छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला सगळं त्यात असतं. पन्हळीचा पाइप पिंपात सोडण्याआधी एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून बाजूला कॉक ठेवा आणि पहिली काही मिनिटं पाणी तिथून जाऊ द्या. पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट बसवा. डासाची अंडी आठ-दहा दिवसांत उडणारा डास होतात, त्यामुळे उघडं पिंप म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेलं दुखणं. पिंप गडद रंगाचं असेल तर शेवाळ धरत नाही. हे पाणी बागेला, धुण्याला, संडासाला वापरा. शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

पिंप विटांच्या ओट्यावर चढवा, म्हणजे तोटीखाली झारी सरळ मावते. ओटा भक्कम बांधा, दोनशे लिटरचं भरलेलं पिंप दोनशे किलोंच्या वर जातं. पिंप भरून वाहायला लागलं की जादा पाणी घराच्या पायाशी न पाडता पाइपाने लांबच्या एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा.